मदत हवी आहे: वॉशिंग्टन राज्याच्या वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिटसाठी (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना राज्याकडून मिळणारे पैसे) वर्षात १८३ दिवस तिथे राहिल्याचा पुरावा

एका कुटुंबाचा २०२४ चा अर्ज भरतेय. दोन मुलं, म्हणजे जास्तीत जास्त ९६५ डॉलर. राज्यात इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे फेडरल १०४० (केंद्राचा इन्कम टॅक्सचा फॉर्म) भरून भागत नाही. राज्याच्या महसूल खात्याकडे वेगळा अर्ज लागतो. वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटीआयएन (तो नंबर न मिळणाऱ्यांना कर भरण्यासाठी दिलेला नंबर) आहे. फेडरल ईआयटीसी (कमी कमाईवाल्यांसाठीचं केंद्राचं टॅक्स क्रेडिट) त्यामुळेच गेलं, इथे मात्र आयटीआयएन चालतो.

घोडं अडलंय तारखांवर. ऑरेगनहून २० जूनला आले, म्हणजे वर्षअखेरपर्यंत १९५ दिवस. पण भाडेकरार तोंडी! विजेचं पहिलं बिल १२ जुलैपासूनचं, त्याने १७३ च भरतात. घरमालकाचं सहीचं पत्र चालेल, की पगाराच्या स्लिपवरचा पत्ता? दोन्ही जोडावं का? कुणी असा अर्ज भरलाय?