रेडिएशननंतर लघवीतून रक्त: धमनी बंद करण्याचा उपाय आधी की अगदी शेवटी?

कृष्णाकाठ (सांगली): आईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सहा वर्षांपूर्वी शेक दिले. कर्करोग गेला, पण या आषाढापासून लघवी लाल होऊ लागली. तीन तोंडांची नळी घालून रात्रंदिवस सलाईनने मूत्राशय धुवायचे आणि पलंगाखालच्या पिशवीतला रंग जास्वंदीसारखा आहे की कोकम सरबतासारखा, हे पाहत बसायचे, असे तीनदा झाले. दर वेळी रक्तही चढवावे लागले. आता जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन मूत्राशयाच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचे सुचवले आहे. हे पहिल्याच खेपेला का सुचवले नाही, असा माझा प्रश्न आहे.

अजिंक्यतारा (सातारा, मूत्ररोग विभागात काम): मी असहमत आहे. शेकामुळे मूत्राशयाच्या बारीक धमन्या आतून अरुंद होतात, भिंतीला रक्त कमी पडते आणि जागोजागी नाजूक, फुटीर वाहिन्या उगवतात. म्हणजे मूळ दुखणे रक्त कमी पडण्याचेच आहे. त्यावर उरलासुरला पुरवठाही तोडायचा, हा निर्णय घाईने घेण्याचा नाही. नितंबात कळा येतात, क्वचित मूत्राशयाची भिंतही मरते आणि आजूबाजूच्या वाहिन्यांतून वाट काढून रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. आधी दुर्बीण घालून नवी गाठ नाही याची खात्री करावी आणि रक्त गळताना दिसतील त्या जागा जाळाव्यात.

घाटवाट: दाबाखालच्या ऑक्सिजनचा (बंद कक्षात बसवून जास्त दाबाखाली ऑक्सिजन श्वासातून देण्याचा) विसर पडू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील चाचणीत ३० ते ४० बैठकांनी रुग्णांचा त्रास कमी झाला होता.

कृष्णाकाठ: दुर्बीण दोनदा झाली, गाठ नाही, जाळूनही झाले. ऑक्सिजनच्या बैठका रोजच्या; गुठळ्यांनी लघवी तुंबलेल्या बाईने तोवर थांबायचे कसे? शिवाय तिचे हृदय अशक्त आहे. धमनीचा उपाय जागा बधिर करून होतो; मूत्राशय काढायचे म्हटले तर मोठी भूल आलीच.

अजिंक्यतारा: दोनदा जाळूनही रक्त थांबत नसेल, तर माझा "आधी" संपला, हे मान्य. तरीही सही करण्यापूर्वी एक विचारा: नळी थेट मूत्राशयाच्या शाखांपर्यंत नेणार, की अलीकडची मोठी धमनीच बंद करणार? दुसरे उत्तर आले, तर माझा विरोध कायम आहे.