पाचगणीत पहिल्यांदा पॅराग्लायडिंग, कितपत सुरक्षित?

रविवारी टँडम, म्हणजे पायलटसोबत जोडीनं उडायचं ठरलंय. वय ४६, वजन ८८ किलो. बायको म्हणते, आधी विम्याचा हप्ता भरा! कुणी केलंय का?

वाईकर: मी जानेवारीत केलं. आपण पुढे, पायलट मागे. पाय सुटेपर्यंत पळायचं असतं. मी मध्येच बसलो नि ढुंगण खरचटलं. मांडीचे पट्टे लागल्याशिवाय पाऊल उचलू नका, नुसता छातीचा पुरत नाही. वरून धोम धरणाचं पाणी मात्र, आहाहा!

कऱ्हाडचा पाहुणा: वजन खरं सांगा, पंख म्हणजे वरचं कापडी छत त्यावरून निवडतात. राखीव पॅराशूट आहे का तेही विचारा. वारा वाढला नि पायलट नको म्हणाला तर हुज्जत नको. आम्ही तीन तास कणसं खाऊन परत आलो.

प्रश्नकर्ता: मिसळ आधी की नंतर?

वाईकर: नंतर हो!