जुनी घड्याळे संग्रहालयात चालू ठेवावीत की बंद?

प्रश्न (फोंडा):
आमच्या वाचनालयाच्या एका खोलीत गावातल्या घरांमधून मिळालेली चावीची भिंतघड्याळे, तांब्याचे घटिकापात्र आणि पितळी सूर्यघड्याळ मांडायचे आहे. बंद घड्याळ दिसले की लोक ते निकामी समजून पुढे जातात, म्हणून सगळी चालू ठेवावीत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (पणजी):
सगळी चालू ठेवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. जुने तेल घट्ट होते, त्यात धूळ मिसळली की ते मिश्रण पॉलिश कागदासारखे आसांची टोके घासत राहते आणि पट्ट्यांतली भोके लांबट होतात. झिजलेला भाग बदलावा लागला की मूळ घड्याळ तेवढे कमी झाले. अनुभवी घड्याळजीकडून खोलून साफ करून घेतलेले एखादेच चालवावे आणि बाकीच्यांच्या कमानीचा ताण त्याच्याकडूनच उतरवून घ्यावा. घड्याळ हलवण्यापूर्वी लंबक काढावा, नाहीतर तो ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती दुमडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचपेटीत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक हवाच. अंधारात चमकणारे आकडे असलेले जुने घड्याळ असल्यास त्याची काच उघडू नये, कारण त्यात रेडियम असू शकते आणि चमक गेली तरी किरणोत्सार उरतो.

उत्तर (डिचोली):
चालते काही दाखवायचेच असेल, तर घटिकापात्र दाखवा. मूळ पात्र कोरडे ठेवून तांबटाकडून प्रतिकृती घडवून घ्यावी. पाण्यावर सोडलेले पात्र बुडाच्या बारीक छिद्रातून भरत जाऊन २४ मिनिटांनी बुडते, म्हणजे एक घटका झाली. अशा ६० घटकांचे अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर साधत असत, हे मुलांना ते बुडताना पाहूनच उमगेल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सूर्यघड्याळ अंगणात मांडले, तर बरोबर वेळ दाखवील का?

उत्तर (पणजी):
आधी त्याच्या तिरप्या पट्टीचा कोन मोजावा. तो स्थळाच्या अक्षांशाइतका, म्हणजे फोंड्यासाठी सुमारे १५.४ अंश असावा लागतो. लिस्बनसाठी घडवलेल्या घड्याळात तो ३९ अंशांच्या आसपास असेल आणि तसे असल्यास ते काचपेटीतच शोभेल. कोन जुळला तरी आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असल्यामुळे सावली सरासरी ३४ मिनिटे मागे राहील, फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४८ आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १८ मिनिटे. हा महिनावार फरक शेजारच्या फलकावर अवश्य लिहावा.