मदत हवी आहे: क्रँक पुलीचा बोल्ट जागचा हलत नाही

मंडळी, २००२ ची होंडा सिटी, १.५ पेट्रोल. टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतलाय आणि तीन दिवस क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टपाशी अडकलोय.

डावं पुढचं चाक काढलंय, गाडी घोडीवर (स्टँडवर) आहे. पाचवा गिअर टाकून बायकोला ब्रेक दाबून बसवलं. हाफ इंचाच्या टॉमीवर (पान्याच्या दांड्यावर) चार फुटी जीआय पाइप चढवला. बोल्ट ढिम्म, गाडीच डोलायला लागली! दुसऱ्या जोराला एक्स्टेन्शन कडकन तुटलं आणि बोटांची सालं गेली. रात्रभर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवलं, तरी तेच.

मित्र म्हणतो, टॉमी जमिनीला टेकवून स्टार्टर मार. पण या इंजिनाचा क्रँक, पुलीच्या बाजूने पाहिला तर, उलटा, डावीकडे फिरतो. आटे मात्र नेहमीचेच, म्हणजे डावीकडेच सुटणारे. स्टार्टर मारला तर बोल्ट आणखी आवळेल ना?

पुलीच्या मधोमध मोठा षटकोनी खड्डा आहे, त्यात बसणारं होल्डर टूल कुणाकडे आहे का? पुण्यात असाल तर न्यायला येतो, भाडंही देईन. लेथवाल्याकडून बनवून घेतलं असेल तर कोणतं लोखंड वापरलं? की सरळ टायरवाल्याची हवेची गन आणू? गॅसने तापवायचा धीर होत नाही, मागेच ऑइल सील आहे.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन चाकांवर उभी आहे, सेक्रेटरी रोज येऊन बघून जातात.