खापर एकट्या राम चरणवर नको

२०१३चा 'जंजीर', म्हणजे अमिताभच्या जुन्या 'जंजीर'चा रिमेक, हिरो राम चरणच्या ठोकळा चेहऱ्यामुळे आपटला, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. मूळ सिनेमाची सलीम-जावेदची १९७३ची पटकथा आठवा. दिवाळीची रात्र, फटाक्यांच्या आवाजात विरलेल्या गोळ्या, आणि कपाटात लपलेल्या पोराला दिसणारा खुन्याच्या मनगटावरच्या साखळीतला पांढरा घोडा. तोच घोडा मोठेपणी इन्स्पेक्टर झालेल्या त्या पोराची, विजयची, झोप उडवतो. म्हणून पोलीस ठाण्यात आलेला दादा शेरखान बसायच्या आत तो खुर्चीला लाथ घालतो तेव्हा ती नुसती हिरोगिरी वाटत नाही.

नव्यात ऑइल माफिया आणला. कल्पना वाईट नव्हती हो! पण माणसं पार पातळ करून टाकली. जुन्यात जया भादुरीची माला रस्त्यावर चाकू-सुऱ्यांना धार लावणारी, एकटी. गुन्ह्याची साक्ष द्यायच्या वेळी तिची चलबिचल खरी वाटते, कारण गप्प राहण्यासाठी मिळणाऱ्या पैशांची तिला गरज आहे. प्रियांकाची माला मैत्रिणीच्या लग्नाला आलेली एनआरआय! मग तिची कसली घालमेल अन् कसलं काय. अशी माला हातात दिल्यावर दुसऱ्या कुठल्या हिरोनं तरी काय दिवे लावले असते?

बाकी अतुल कुलकर्णीचा पत्रकार मात्र बरा होता. तेवढेच प्रसंग मी पुढे न ढकलता पाहिले.