लेकीच्या घरापुढचा उतार गरम करायचा म्हणतायत, परवडंल का?

पाचगावकर:
मंडळी प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. लेक-जावई अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथला असतात, गाव सगळं टेकडीच्या अंगावर, खाली सुपीरिअर सरोवर. नवीन घर घेतलंय त्याच्या गॅरेजपासनं रस्त्यापर्यंत असला उतार की पन्हाळ्याचा घाट आठवावा. मागच्या थंडीत जावयानं ब्रेक दाबून धरला तरी गाडी घसरत जाऊन समोरच्यांच्या टपालपेटीला भेटली. आता काँक्रीटखाली गरम व्हायच्या केबल टाकूया म्हणतायत, कोटेशन बघून मला इथं घाम फुटला. लेक म्हणते बाबा तुम्ही जन्मभर फौंड्रीत भट्टी सांभाळली, तुम्हीच सांगा. ६० फूट लांब, १० फूट रुंद. कुणाला काय माहिती?

उद्यमनगरचा_वायरमन:
काका चौरस फुटाला ४०-५० वॅट धरतात. ४० नं जरी धरलं तरी ६०० फुटाला २४ किलोवॅट झालं की, म्हणजे आपले २ किलोवॅटचे १२ गिझर एकदम चालू! २४० व्होल्टवर १०० अँपिअर. तिकडं घराचं मेन बऱ्याचदा २०० अँपिअरचं असतंय, त्यातच शेगडी, कपडे वाळवायचं मशीन, गाडीचा चार्जर, म्हणून आधी पॅनेलमध्ये जागा हाय का विचारा. १० तास चाललं की २४० युनिट, ते बी एका बर्फाला.

गुऱ्हाळवाला:
येवढं कशाला, काहिलीभर उकळतं पाणी ओतायचं की वरनं 😄

राजारामपुरी_८वी_गल्ली:
@गुऱ्हाळवाला ते पाणी खाली वाहत जाऊन रस्त्यावर गोठलं की काच तयार, मग टपालपेटी नाही, समोरचं घरच.
काका, मी मिशिगनला काही वर्षं होतो. तिथं हॉलंड म्हणून गाव आहे, बाजारपेठेतले रस्ते-फुटपाथ १९८८ पासून खालनं गरम पाण्याचे पाइप फिरवून मोकळे ठेवतात, पण ते गरम पाणी पॉवर प्लांटच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, म्हणून परवडतं. तुमच्या जावयाला उष्णता विकत घ्यायचीय. आणि बर्फ वितळवणं किती महाग ते तुम्हाला भट्टीवाल्याला सांगायला नको, ० डिग्रीच्या किलोभर बर्फाचं नुसतं ० डिग्रीचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी ८० डिग्रीपर्यंत तापतं.
म्हणून अख्खा उतार तापवूच नका. चाकं जातात तिथं २-२ फुटांच्या दोन पट्ट्या, बास. २४० चौरस फूट, ९.६ किलोवॅट, ४० अँपिअर. खाली इन्सुलेशनचा थर मस्ट, नाहीतर जमीनच तापवत बसाल. ओल आणि तापमान दोन्ही बघणारा सेन्सर लावा, काँक्रीट तापायला वेळ लागतो, बर्फ साचल्यावर बटण दाबून उपयोग नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उताराच्या तळाशी आडवी जाळीची गटार, ती पण गरम केलेली. कोटेशनात ही बहुतेक नसणार बघा.

पाचगावकर:
खरंच नाही! आत्ताच कागद बघितला. मीठ टाकून भागणार नाही का?

राजारामपुरी_८वी_गल्ली:
साधं मीठ उणे ९-१० च्या खाली जवळजवळ कामच करत नाही, डुलुथला उणे २० नेहमीचं. शिवाय काँक्रीट खातं. कॅल्शियम क्लोराइड त्याहून थंडीत चालतं पण महाग. पकडीला वाळू टाकतात. पाइपवाली सिस्टीम पण असते, पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळून बॉयलरवर फिरवायचं, बसवायला जास्त खर्च, पण गॅस स्वस्त असेल तर चालवायला परवडते. जुनं काँक्रीट मात्र दोन्हीला उकरावं लागतं.

गगनबावडेकर:
आमच्या रॅम्पवर पावसाळ्यात शेवाळ धरतंय, त्याला चालंल का ही केबल?

उद्यमनगरचा_वायरमन:
भावा, ब्लिचिंग पावडर नि तारेचा ब्रश. आन् पुढच्या वेळी काँक्रीट ओलं असतानाच आडव्या खाचा मारून घे.

पाचगावकर:
लेकीशी बोललो. काँक्रीट तसंही फुटलंय, काढायचंच होतं, पट्ट्या आणि गटार पक्कं. जावई विचारतायत उरलेल्या ६ फुटातला बर्फ कोण काढणार. फावडं घ्या म्हटलं.