‘धर्मग्राम’ या शब्दातला ‘ग्राम’ कोणता?

प्रश्न

३१ जानेवारी हा एकोणिसाव्या शतकातील इटालियन धर्मगुरू संत जॉन बॉस्को यांचा सण. त्या निमित्ताने आमच्या चर्चमध्ये वाटण्यासाठी मी त्यांच्या जीवनावरील एका लहान पुस्तिकेचा मराठी अनुवाद करीत आहे. एका वाक्यापाशी मी अडलो आहे. इटलीतील तुरीन शहरात बॉस्को यांनी गरीब मुलांसाठी प्रार्थना, शिक्षण आणि खेळ यांची जी ‘ऑरेटरी’ चालवली, तिला सलेशियन, म्हणजे त्यांनीच स्थापलेल्या संघाच्या, परंपरेत ‘ज्या मुलांना पॅरिश नाही त्यांचे पॅरिश’ असे म्हटले जाते. ‘पॅरिश’ म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला ख्रिस्ती समुदाय; मराठी कॅथलिक त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात. मी लिहिले, ‘ज्यांना धर्मग्राम नाही अशा मुलांचा धर्मग्राम.’ मुद्रिते तपासणाऱ्या स्नेह्यांनी, जे ख्रिस्ती नाहीत पण मराठीचे उत्तम जाणकार आहेत, समासात पेन्सिलीने विचारले, ‘हे कोणते खेडे? याचे नाव काय?’

त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. ‘ग्राम’ म्हटले की ग्रामपंचायत आणि ग्रामदैवतच आठवते, आणि माझी गोष्ट तर कारखाने आणि बांधकामांनी फुगत चाललेल्या शहरातली आहे. तेव्हा येथे ‘धर्मग्राम’ ठेवावा, ‘पॅरिश’ लिहावे, की निराळाच शब्द योजावा? शिवाय ‘ऑरेटरी’ला ‘प्रार्थनालय’, ‘प्रिव्हेंटिव्ह’ शिक्षणपद्धतीला ‘प्रतिबंधक पद्धती’ आणि ‘पुअर अँड अबँडन्ड’ मुलांना ‘गरीब व अनाथ’ असे मी तूर्त लिहिले आहे. त्याबद्दलही जाणकारांनी आपले मत द्यावे.

पहिले उत्तर

मी वसईचा. आमच्याकडे मिस्सेनंतरच्या (मिस्सा म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना) सूचनांपासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘धर्मग्राम’ हा शब्द रोजच्या वापरात आहे, त्यामुळे तो कोणाला खेड्याचे नाव वाटेल हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. आपल्या स्नेह्यांच्या पेन्सिलीने मला विचार करायला लावले.

आधी मूळ शब्द पाहू. इंग्रजी ‘पॅरिश’, इटालियन ‘पारोक्किया’ आणि पोर्तुगीज ‘पारोकिया’ हे तिन्ही लॅटिनमार्गे ग्रीक ‘पारोइकिया’ या शब्दाकडे जातात. ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर; पण दोन्ही मिळून जो अर्थ रूढ झाला तो शेजाराचा नाही, तर परक्या मुलखात तात्पुरता मुक्काम करण्याचा आहे. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१७) हाच शब्द या जगातल्या माणसाच्या वस्तीसाठी आला आहे. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःच्या स्थानिक समूहाला या शब्दाने ओळखत, म्हणजे ‘आपण येथले नव्हे, येथे उतरलेले लोक आहोत’ असे ते म्हणत होते. शतके लोटली, समूह स्थिरावले, चर्चभोवती शिवार आखले गेले, आणि वाटसरूंचा वाचक असलेला शब्द हद्दीचा वाचक झाला.

शेजारच्या भाषांनी काय केले तेही पाहावे. हिंदीभाषक कॅथलिक ‘पल्ली’ म्हणतात, म्हणजे पुन्हा लहान वस्तीच. गोव्याच्या कोकणीत ‘फिरगज’ आहे, तो पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आला, आणि त्या शब्दाच्या मुळाशी ‘फिलिउस एक्लेझिए’, म्हणजे ‘ख्रिस्तसभेचा पुत्र’, हे लॅटिन शब्द आहेत. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात जमीन नाही, नाते आहे. मराठीत मात्र तो रुजला नाही. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात ‘पाद्री’, ‘मिस्सा’ आणि ‘नाताळ’ वसईत आले आणि टिकले. पुढे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतरच्या काळात, लॅटिन उपासना मराठीत आली आणि ‘धर्मगुरू’, ‘धर्मप्रांत’, ‘धर्मग्राम’, ‘स्नानसंस्कार’ (बाप्तिस्मा) हे संस्कृत घडणीचे शब्द लोकांच्या तोंडी बसले. प्रोटेस्टंट मराठीत ‘बाप्तिस्मा’, ‘मंडळी’ आणि ‘पाळक’ हे शब्द चालतात. त्यामुळे आपली पुस्तिका दोन्हीकडे जाणार असेल तर आरंभी एक खुलासा द्यावा.

आता मुख्य मुद्दा. संस्कृतात ‘ग्राम’ म्हणजे केवळ खेडे नव्हे. ‘ग्राम’ म्हणजे समूह, मेळा. गीतेत ‘भूतग्राम’ आहे तो भुताखेतांचा गाव नव्हे, तो सर्व प्राणिमात्रांचा समुदाय आहे. ‘इंद्रियग्राम’ म्हणजे इंद्रियांचा समूह आणि ‘गुणग्राम’ म्हणजे गुणांचा. प्राचीन संगीतशास्त्रातील ‘षड्जग्राम’ हा तर स्वरांचा मेळ. त्या अर्थाने ‘धर्मग्राम’ म्हणजे श्रद्धेने एकत्र आलेला समुदाय, आणि कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याची व्याख्याही (कलम ५१५) पॅरिश हा श्रद्धावंतांचा एक समुदाय आहे अशीच सुरू होते. हद्दीची गोष्ट त्यानंतर, कलम ५१८ मध्ये येते. तेव्हा शब्द बदलू नये. मात्र पहिल्यांदा येईल तेथे ‘धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा श्रद्धावंतांचा समुदाय’ असे वाक्यातच उलगडून सांगावे.

दुसरे उत्तर

वरील व्युत्पत्ती मान्य आहे, पण व्युत्पत्तीने व्यवहार सुटत नाही, हे अनुभवावरून नम्रपणे सांगते. मी काही वर्षे रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला शिकवले. पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर प्रथमच घेण्यासाठी, मुलांची नावे घेताना अर्जात ‘मूळ धर्मग्राम’ असा रकाना असे. एका वर्षी बांधकामावर काम करणारी झारखंडची एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला स्नानसंस्काराचा दाखला होता. घडीवरची शाई पावसाने पसरली होती आणि नेमके गावाचे नावच वाचता येत नव्हते. मी विचारले, ‘तुमचा धर्मग्राम कोणता?’ तिला शब्द कळला नाही, म्हणून मी ‘गाव कोणते’ असे विचारले. ती म्हणाली, ‘काम जहाँ, वहीं.’ मुलगा तोवर बाकावरच्या प्रार्थनेच्या पुस्तकातली चित्रे पाहत होता. रकाना त्या दिवशी मी रिकामाच ठेवला आणि धर्मगुरूंकडे गेले.

त्यांनी मला कॅनन कायद्यातील एक शब्द सांगितला, जो तेव्हापासून मी विसरलेले नाही. ज्याला कोठेच कायमचे वा अर्धकायमचे ठिकाण नाही अशा माणसाला तो कायदा ‘वागुस’, म्हणजे भटका, असे म्हणतो, आणि लगेच पुढे, कलम १०७ मध्ये, ठरवून टाकतो की असा माणूस प्रत्यक्ष जेथे असेल तेथील प्रमुख धर्मगुरू हेच त्याचे धर्मगुरू. त्या मुलाला धर्मग्राम नव्हता असे नाही. तो आमच्या दारात उभा होता म्हणून आमचाच धर्मग्राम त्याचा होता. हे मला माहीत नव्हते, आणि ‘ग्राम’ या शब्दानेच मला फसवले होते.

म्हणून मला वाटते की बॉस्को यांच्या वाक्यात हा शब्द ठेवायचाच असेल, तर ती मुले कोण होती हे आधी वाचकाला दिसले पाहिजे, नाहीतर ते वाक्य नुसता शब्दांचा खेळ वाटेल.

पहिल्या उत्तरकर्त्याचे पुन्हा

ताईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट मूळ प्रसंगाच्या इतकी जवळची आहे की मी जरा सविस्तर लिहितो.

तुरीनमध्ये ८ डिसेंबर १८४१ रोजी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चमध्ये, नुकतीच दीक्षा मिळालेले बॉस्को मिस्सेसाठी वस्त्रे घालीत होते. वस्त्रांच्या त्या खोलीत एक मुलगा चुकून शिरला. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्सेत मदत करायला सांगितले, त्याला ते येईना, तेव्हा धूळ झटकण्याच्या दांड्याने त्याला मारून हाकलले. बॉस्को यांनी त्याला परत बोलावून घेतले. बार्तोलोमेओ गारेल्ली हे त्याचे नाव; वय सोळा, मूळचा आस्तीचा, गवंडीकाम करणारा, आई-बाप दोघेही गेलेले. लिहिता येते का, वाचता येते का, या प्रश्नांना नकार आल्यावर बॉस्को यांनी विचारले की शिट्टी वाजवता येते का, आणि मुलगा हसला. सलेशियन कामाची सुरुवात या प्रसंगापासून मोजतात.

पुढे आलेल्या मुलांत गवंडी, पाथरवट आणि धुराडी साफ करणारी मुले होती. सवॉय, आओस्ता, बिएल्ला, नोव्हारा अशा ठिकाणांहून हंगामी कामासाठी उतरलेली. तुरीनच्या काही धर्मगुरूंनी तक्रार केली की बॉस्को आमच्या धर्मग्रामातली मुले ओढून नेत आहेत. बॉस्को यांचे उत्तर असे होते की यांतली बहुतेक मुले परगावची आहेत आणि आपला धर्मग्राम कोणता हे त्यांना ठाऊकच नाही. आर्चबिशप फ्रांसोनी यांनी त्यांची बाजू घेतली आणि मुलांना धर्मशिक्षण व संस्कार ऑरेटरीतच देण्याची मुभा दिली. आपले अडलेले वाक्य या वादातून निघाले आहे. आता ग्रीक शब्द पुन्हा आठवावा: परक्या मुलखात उतरलेल्यांचा मुक्काम. त्या शब्दाचा जो अर्थ हद्दी आखताना मागे पडला होता, तो या मुलांनी त्याला परत मिळवून दिला, असे मला मनापासून वाटते.

‘ऑरेटरी’बद्दल. मुळात ‘ओरारे’ म्हणजे प्रार्थना करणे, त्यामुळे ‘प्रार्थनालय’ शब्दशः खरे आहे आणि अर्थाने अपुरे. सोळाव्या शतकात रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी हे नाव अशा मेळाव्यांना रूढ केले. बॉस्को यांच्याकडे मिस्सेनंतर खेळ होते, गाणी होती, वाचनलेखन होते. दोनएक वर्षे ही मुले एका जागेहून दुसरीकडे हलत राहिली, आणि १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाच्या घरामागची पडवी त्यांना भाड्याने मिळाली. छप्पर इतके खाली होते की उभे राहता यावे म्हणून जमीन खणून खाली घ्यावी लागली. अशा जागेला ‘प्रार्थनालय’ म्हटले तर वाचकाच्या डोळ्यापुढे शांत, थंड दालन येईल. सलेशियन नियमावलीत ऑरेटरी म्हणजे मुलांसाठी घर, धर्मग्राम, शाळा आणि मित्र भेटण्याचे अंगण असे चार शब्द एकत्र आले आहेत. ‘अंगण’ मोहक आहे, पण त्यात प्रार्थना उरत नाही. मी ‘ऑरेटरी’च ठेवीन.

तिसरे उत्तर

मी शाळेत शिकवतो, म्हणून ‘प्रतिबंधक पद्धती’बद्दल तेवढे लिहितो. कृपया हा शब्द काढून टाकावा. वर्तमानपत्रात ‘प्रतिबंधक कारवाई’ पोलीस करतात आणि ‘प्रतिबंधक लस’ दवाखान्यात मिळते. बॉस्को यांनी १८७७ मध्ये ही पद्धत लिहून मांडली ती दंडावर चालणाऱ्या पद्धतीच्या विरोधात. शिक्षकाने मुलांत सतत मिसळून राहावे, म्हणजे चूक घडून शिक्षा करण्याची वेळच येऊ नये, हे तिचे सार आहे. लॅटिन ‘प्रेवेनिरे’चा अर्थही ‘आधी पोहोचणे’ असाच आहे. ‘आधीच सावरणारी पद्धती’ असे लिहावे. दोन शब्द जास्त होतील, पण मूल कोठडीत जाणार नाही.

त्या पद्धतीचे तीन आधार विवेक, धर्म आणि ‘आमोरेवोलेत्सा’ हे आहेत. हा तिसरा शब्द बहुधा ‘प्रेम’ किंवा ‘वात्सल्य’ असा अनुवादित होतो. मला ‘लळा’ सुचवावासा वाटतो. प्रेम करणाऱ्याच्या मनात राहू शकते. लळा मात्र मुलालाच लागतो, दुसऱ्या कोणाला तो त्याच्या वतीने लागू शकत नाही. १० मे १८८४ रोजी रोमहून लिहिलेल्या पत्रात बॉस्को यांनी हेच सांगितले आहे की मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना समजले पाहिजे. मराठीत त्यासाठी शब्द तयार आहे, तो वापरावा.

‘अनाथ’ही चुकीचा आहे. गारेल्ली अनाथ होता, पण डोंगरातल्या गावी आई-बाप असलेली आणि शहरात कोणी नसलेली मुले त्याहून अधिक होती. ‘बेवारस’ तर सामानाला आणि मृतदेहांना लावतात. ‘वाऱ्यावर सोडलेली मुले’ असे साधे मराठी लिहावे.

प्रश्नकर्त्याचे

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताईंच्या सूचनेप्रमाणे मी परिच्छेदाचा क्रम बदलला, आणि आता तो असा आहे: ‘ही मुले अनाथच होती असे नाही, कामासाठी दूरच्या गावांहून तुरीनला आलेली आणि तेथे वाऱ्यावर सोडलेली होती. शहरातील प्रत्येक चर्चभोवती श्रद्धावंतांचा एक समुदाय, म्हणजे धर्मग्राम, होता. यांचा मात्र कोठलाच नव्हता. फादर बॉस्को यांची ऑरेटरी हाच या मुलांचा धर्मग्राम झाला.’

येथे मी ‘डॉन बॉस्को’ऐवजी ‘फादर बॉस्को’ मुद्दाम लिहिले आहे. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी ‘डॉन’ लावतात, तो लॅटिन ‘दोमिनुस’, म्हणजे स्वामी, या शब्दावरून आला. पण मुंबईच्या वाचकाला त्या शब्दाने भलताच माणूस आठवतो. मुखपृष्ठावर मात्र ‘संत डॉन बॉस्को’च राहील, कारण माटुंग्याच्या चर्चमुळे आणि शाळेमुळे ते नाव घरोघरी पोहोचले आहे. सुधारलेले पान स्नेह्यांना दाखवले. या वेळी त्यांनी ‘धर्मग्राम’खाली काहीच लिहिले नाही, फक्त ‘लळा’ या शब्दाभोवती हलकेच एक वर्तुळ काढून समासात ‘छान’ असे लिहिले.